निळं म्हणजे दूर जाणारं

रोडपाली, २४ जून २०२०

आये,

शाळेत शिकवला तसा मायना लिहिला आणि खोडून टाकला. तुला मी कधी तीर्थरूप म्हटलं नाही, आता कागदावर म्हणायला जीभ अडखळते. तुझ्याशी बोलताना 'हाय-नाय' येतं आणि पेन हातात घेतलं की शाळेतली भाषा येते. सांभाळून घे.

रविवारी तुझ्या लेकाचा, केतनचा फोन आला. माझं लग्न झाल्यापासून बेलपाड्याहून आलेला तुझा पहिला निरोप, आणि तो काय? 'आई सांगतेय, गिराण हाय. बाहेर पडू नको, सुरीला हात लावू नको.' म्हणजे मला दिवस गेलेत हे त्याने तुला सांगितलं तर. सांगू नको म्हटलं होतं मी त्याला. बरं झालं सांगितलं.

त्या वेळी मी भेंडी चिरत होते. मुद्दाम नाही. थोडं मुद्दामही. मग गॅलरीत गेले. आकाश भरलेलं होतं, सूर्य काही दिसला नाही. पण उजेड बदलला, पितळेचं भांडं बरेच दिवस न घासल्यावर होतं तसा. स्टील मार्केटकडे एकही ट्रक नव्हता. कावळे गप्प. मला वाटलं सगळं कळंबोली पाण्याखाली गेलंय आणि मी तळाशी उभी राहून वर बघतेय. तेवढ्यात पोटात ते हललं. पहिल्यांदाच इतकं स्पष्ट.

सध्या मी दुपारी झोपते आणि उठल्यावर कुठे आहे ते कळत नाही. स्वप्नात उरणचं मिठागर येतं, तुझ्या बाबांचं. प्रत्येक वाफ्यात एकेक आभाळ. बांधावर एक मुलगा पाठमोरा उभा असतो. हाक मारली तर वळत नाही.

फोन केला असता. पण मागच्या दिवाळीत माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला होतास. पत्र ठेवून देता येत नाही, निदान पहिली ओळ तरी वाचावी लागते. केतन वाळूची गाडी घेऊन इकडे येतो, त्याच्याकडे देतेय. उत्तर नको.

अंकिता


रोडपाली, ८ जुलै

आये,

पनवेल पुन्हा बंद झालंय. दूधवालासुद्धा गेटवर पिशव्या ठेवून पळतो. अपूर्व आतल्या खोलीत ऑफिसचं काम करतो, मी बाहेरच्या खोलीत मोबाइलवर तिसरीच्या मुलांना पाढे शिकवते. सगळं ठीक आहे.

मागच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, पाचव्या महिन्यातली. अपूर्वला आत येऊ दिलं नाही, एकालाच प्रवेश. बाळाच्या हृदयाचं चित्र नीट आलं नाही म्हणून मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलंय. काळजीचं काही नाही.

हे मी अपूर्वच्या आईंना पुण्याला लिहिलं, तेच तुलाही लिहून गेले. खरं नाही ते. चित्र नीट आलं होतं. डॉक्टर बोलता बोलता गप्प झाले आणि ते यंत्र पोटावर एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवायला लागले. मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "जरा श्वास धरा." मी किती वेळ धरून बसले, सोडा म्हणायला विसरलेच ते.

हृदयाच्या डॉक्टरांची ओपीडी बंद आहे. त्यांच्याकडे दोघंतिघं पॉझिटिव्ह निघाले. तारीख पुढे गेली, मग अजून पुढे. तिथल्या बाईंनी फोनवर माहिती लिहून घेतली. "सासरी-माहेरी कुणाला जन्मापासून हृदयाचा त्रास?" मी लगेच नाही म्हटलं.

फोन ठेवला आणि मग आठवलं. मी लहान होते, आपल्या ओट्यावर चंद्रावती आत्या कुणाला तरी सांगत होती, "हिचा पयला निळा झालता." मी आत आले तशी ती गप्प झाली. तू चुलीपाशी पाठ करून बसली होतीस.

आये, माझ्या आधी कोण होतं?

हे उत्तर मात्र मला हवंय. माझ्यासाठी नको देऊस.

अंकिता


रोडपाली, २१ जुलै

आये,

केतन म्हणतो, पत्र वाचलंस, उशाखाली ठेवलंस आणि त्या दिवशी जेवली नाहीस. पण काही बोलली नाहीस. ठीक आहे.

काल तपासणी झाली. डॉक्टर चारुता नाव त्यांचं. चेहरा पाहिलाच नाही मी, पांढरा पोशाख, काच, मास्क, त्यातून फक्त डोळे. आवाज विहिरीतून आल्यासारखा. भिंतीवर पाटी, इथे मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही. खोलीत अंधार, एसी बंद, खिडकी जराशी उघडी. मला झोप येत होती, खरंच. त्या इतका वेळ बघत होत्या की मला वाटलं त्या, मी आणि बाळ असे तिघं मिळून कुठेतरी वाहत चाललोय.

मग त्यांनी आवाज लावला. पाण्याखाली कुणीतरी घाईघाईने धुणं आपटतंय असा आवाज. आणि पडद्यावर रंग आले. निळा दिसला आणि मी ओरडलेच, "निळं का आहे?"

त्या म्हणाल्या, "घाबरू नका. हा रंग रक्ताचा नाही, दिशेचा आहे. आपल्याकडे येणारं लाल दिसतं, दूर जाणारं निळं."

मी म्हटलं, "मग सगळं बरोबर आहे ना?"

त्या हात थांबवून म्हणाल्या, "नाही. तुम्ही एकट्या आला आहात, म्हणून सावकाश सांगते. कळलं नाही तर परत विचारा."

हृदयातून दोन मोठ्या नळ्या निघतात, एक अंगाकडे जाते, एक फुप्फुसांकडे. आपल्या बाळाच्या नळ्यांनी जागा बदलल्या आहेत. पोटात आहे तोवर त्याला काही त्रास नाही, श्वास मीच घेते त्याचा. बाहेर आलं की त्रास. मग पहिल्या काही तासांत एक छोटी प्रक्रिया, आणि पहिल्या एकदोन आठवड्यांत ऑपरेशन. नळ्या सोडवून आपापल्या जागी जोडायच्या. "आधी कळलं हे फार चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "जिथे हे ऑपरेशन होतं तिथेच बाळंतपण करू."

मी विचारलं, "ग्रहणात भाजी चिरली मी. त्याने?"

हसल्या नाहीत त्या. म्हणाल्या, "बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच बनून तयार होतं. तुमचं ग्रहण परवाचं. तोवर ते कधीच धडधडायला लागलं होतं. तुम्ही केलेल्या, न केलेल्या कशानेही हे झालेलं नाही."

बाहेर रस्त्यावर अपूर्व गाडीला टेकून उभा होता. मी सांगितलं तेव्हा त्याने मास्क काढून तोंड पुसलं आणि तो मास्क परत उलटा लावला. घरी निघालो. हायवे रिकामा, दोन्ही बाजूंना हिरवं, आणि मला वाटलं ही गाडी अशीच जात राहावी, कुठेच पोचू नये.

त्याच्या आईंनी फोनवर विचारलं, काही करता येणार नाही का. म्हणजे काय ते तुला कळलं असेल. तारखा पुढे जाता जाता ती मुदत उलटून गेली, कायद्याने. अपूर्वला मी बोलले नाही, पण मला सुटल्यासारखं वाटलं. तो प्रश्न मला कुणी विचारायला नको होता.

घरात आधी कुणी होतं का, हे डॉक्टरांनी परत विचारलं. मी म्हटलं, आईला विचारलंय.

अंकिता


रोडपाली, ४ ऑगस्ट

आये,

काल तू बोललीस ते मी आज लिहून काढतेय. वाऱ्यात अर्धं उडून गेलं. चुकलं असेल तर केतनकडून सांग.

केतन राखी बांधून घ्यायला आला, आणि वॉचमनने त्याला गेटच्या आत फक्त पार्किंगपर्यंत सोडलं. मी गॅलरीतून बघितलं तर त्याच्या मागे तू. नारळी पौर्णिमेचं लुगडं, तोंडाला पदर आणि त्यावरून मास्क. मी ओळखलं ते तुझ्या उभं राहण्यावरून. मला आधी वाटलं मी दुपारची झोपलेय.

तू वर बघितलंस आणि एकदम सुरू केलंस, जसं काही आपण सकाळीच बोललो होतो. "विठू नाव होता त्याचा."

मी कठड्याला धरलं.

"गोरा होता. दूध पिताना दमायचा. रडला का ओठ जांभळं, नखा जांभळी. तुझ्या आजीनं दिष्ट काढली. पनवेलला एक डाक्टर, त्यानं बाटलीतला अवशद दिला. मुंबईला न्या बोलला तो. कोन नेनार? भाताची कापनी चालली व्हती."

दुसऱ्या मजल्यावरचे जीवनकाका गॅलरीत आले, समोरच्या इमारतीतल्या बायका आल्या. तुला त्याचं काही नव्हतं. आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्याने न बोललेली तू.

"पोटात व्हता तवा गिराण लागला. घरात पावनं आलतं, मी इळीवर मावरा कापला. आजी बोलली, तूच कापलास त्याला. सगली तेच बोलली. मी पन तेच बोलते मनात, अजून."

मग मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी वर्गातही ओरडत नाही. "आये, तवा त्याचं काळीज कवाच बनून झालं होतं! डॉक्टर बोलली मला!"

"कवा बनता?"

"पहिल्या दोन महिन्यांत. तुला दिवस गेलेत हे पुरतं कळतही नसेल तेव्हा!"

तू खाली बसलीस. स्कूटरींच्या शेजारी त्या फरशीच्या कडेवर. केतन दुसरीकडे बघायला लागला.

"मंग मी नाय केला?"

"नाय."

"परत बोल."

"तू काय नाय केलंस, आये."

माझं बाळ आणि विठू, दोघांचं दुखणं एकच होतं का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना मी सकाळी फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, असेल, नसेल, त्याला तपासलंच नाही कुणी, आता सांगता येणार नाही. पण विळीवर मासळी कापल्याचा आणि त्याचा संबंध नाही, हे नक्की सांगता येतं. आईंना माझं नाव घेऊन सांगा, म्हणाल्या.

तू किती वेळ बसून होतीस. ऊन आलं, गेलं. मग उठलीस, लुगडं झटकलंस आणि वर न बघता गेटकडे चालायला लागलीस. मला वाटलं होतं लग्नाचं काहीतरी बोलशील. मी ते विसरलेले नाही. दारात उभी होतीस आणि 'जा'सुद्धा म्हणाली नाहीस. तूही विसरली नसशील. राहू दे ते. एका दिवसात किती बोलणार माणूस.

अंकिता


रोडपाली, १२ ऑक्टोबर

आये,

बाबांना बाळाचं अजून सांगितलं नाहीस, असं केतन म्हणाला. तुझी मर्जी.

बाळ वाढतंय. वजन चांगलं आहे. दर वेळी मी तो धुण्याचा आवाज ऐकते आणि मला तिथेच झोपावंसं वाटतं. आत आहे तोवर त्याला काही होत नाही. निळं नाही, लाल नाही, नुसतं तरंगतंय. वाटतं हे असंच राहू दे. मी अशीच गॅलरीत बसेन, म्हातारी होईन, आणि ते आत राहील. अपूर्वला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मला बघायचंय गं त्याला." मला लाज वाटली.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला दाखल व्हायचं. सोबत एकच माणूस, त्याचीही टेस्ट, आणि एकदा आत गेला की बाहेर यायचं नाही. अपूर्व थांबेल. त्याने बॅग आताच भरून ठेवलीय.

अंकिता


११ नोव्हेंबर

आये,

हा कागद इथून बाहेर पाठवता येत नाही. कोविड वॉर्डातली वस्तू बाहेर जात नाही. म्हणून फोटो काढून केतनच्या मोबाइलवर पाठवतेय, जो आता तुझ्याजवळ आहे. दोन बोटांनी मोठं करून वाच.

फोनवर तू फक्त 'बरी हाय' म्हणतेस आणि मी फक्त रडते. त्यापेक्षा हे बरं.

दाखल व्हायच्या आधीची टेस्ट आम्हा दोघांची पॉझिटिव्ह आली तेव्हा अपूर्व भरलेल्या बॅगेवर बसला आणि म्हणाला, "आता तिच्याजवळ कोण?" बाळाला 'ती' म्हणाला तो. कसं कळलं त्याला कुणास ठाऊक. मला ताप नाही, खोकला नाही, फक्त वास येत नाही कशाचा. त्याला ताप होता, आता उतरलाय, घरीच आहे. सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यांना कुणी पुण्याहून येऊ देईना.

आपल्या घरी काय झालं ते केतनने सांगितलं. तो चहाच्या वेळी बाबांच्या समोरच बोलला, बाळाजवळ थांबायला कुणी नाही म्हणून. बाबा म्हणाले, "आपला काय संबंध?" तू उठलीस आणि पिशवीत लुगडी भरायला लागलीस. बाबा म्हणाले, "कोन जानार हाय?" तू म्हणालीस, "मी इचारत नाय, सांगते." आणि मग बाबांनी गाडीची किल्ली घेतली.

मी तिला बघितलं, आये. ऑपरेशन टेबलावर, पडद्याच्या पलीकडून कुणीतरी वर धरलं. केस ओले, मूठ मिटलेली. रंग... मी सांगणार नाही, तू पाहिलायस तो. मग तिला नेलं. इतक्या लवकर, की मला अजून वाटतं मी ते कल्पनेत पाहिलं. पहिली प्रक्रिया नीट झाली, एवढं डॉक्टर चारुता फोनवर म्हणाल्या.

माझ्या खिडकीतून तुझी इमारत दिसते, जिथे बाळाला ठेवलंय आणि तू त्याच्याजवळ आहेस ती. मधे गुलमोहर आणि ऑक्सिजनची टाकी. सकाळी मी खुर्ची ओढून बसते. सगळ्या खिडक्या सारख्याच आहेत, मी एक ठरवून घेतलीय. काल त्या खिडकीत कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला. मी म्हटलं, ही तूच.

उद्या ऑपरेशन. कागदावर अंगठा नको, सही कर, चौथीपर्यंत शिकलीयस. त्यांनी तुला पुन्हा सगळं समजावलं तर ऐक, पण मला सांगू नकोस. आणि आये, तुला तिथे बसवत नसेल तर उठून जा. विठूच्या वेळचं सगळं परत बघायला मी तुला बोलावलं नव्हतं. तू गेलीस तरी मी काही म्हणणार नाही.

जाऊ नकोस.

अंकिता


२१ नोव्हेंबर

आये,

मी तुझ्याच इमारतीत आहे, चौथ्या मजल्यावर, काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर. टेस्ट निगेटिव्ह आली. सिस्टर म्हणाल्या, आत एकच माणूस, आजी बाहेर आल्या की तुम्ही जा. दूध पाजायची वेळ आहे, थोडं थांबा. म्हणून पर्समध्ये होता तो कागद काढलाय.

ऑपरेशनच्या दिवशी तू दुपारी फोन केलास तेव्हा मागून कुठलं तरी यंत्र वाजत होतं. मी म्हटलं, "आये, बोल." तू म्हणालीस, "झाला." मला शब्दाचा अर्थच लागेना. काय झालं, कसं झालं? मग तू म्हणालीस, "डाक्टर आला, बोलला जोडला सगला. छाती अजून उघडी ठेवलीय, दोन रोज बघायचा. मी बघितली तिला. नळ्या किती गो लावल्यान. पन नखा बघितली मी. पयली नखाच बघितली."

"कशी आहेत?"

"तुझ्यासारखी."

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. दिवाळी होती म्हणे त्यात. एकदा तिचा रक्तदाब उतरला, तू मला सांगितलं नाहीस, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मग छाती बंद केली, मग नळी काढली, आणि तू मोबाइल तिच्याजवळ धरून तिचं रडणं ऐकवलंस. मी वॉर्डात सगळ्यांना ऐकवलं. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "हे मांजर कुणाचं?"

अजून धोका पूर्ण गेलेला नाही, मला माहीत आहे. दर महिन्याला, मग दर वर्षी दाखवायचं.

आता मला काचेतून तू दिसतेयस. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, तुझी ओळख पटेल असं काहीच नाही. पाठमोरी आहेस. तुझ्या डाव्या कोपरातून एक पाय बाहेर आलाय, माझ्या अंगठ्याएवढा. तू पुढेमागे होतेयस. काहीतरी म्हणतेयस तिला, काचेतून ऐकू येत नाही. मला इतकं बघायचं होतं आणि आता वाटतंय अजून थोडा वेळ असंच बघत बसावं. तिला तुझी सवय झालीय. माझा आवाज ती ओळखेल ना?

एक सांगायचं राहिलं. खाली पार्किंगमध्ये बाबांची गाडी आहे. ते रोज येतात आणि वर न येता परत जातात, हे मला वॉचमनकडून कळलं. तुला माहीत होतं की नाही कोण जाणे. अपूर्व मला सोडून बाहेर उन्हात उभा होता. मी लिफ्टपाशी वळून बघितलं तर बाबांनी काच खाली केली होती. काय बोलले ते कळलं नाही. अपूर्व पुढून वळसा घालून गेला आणि दार उघडून आत बसला. दोघंही समोर बघत होते, दोघांनी मास्क लावलेले. पण दार बंद केलं होतं, आणि एसी चालू असावा, कारण काच परत वर गेली.

तेव्हा तू खाली गेलीस की मागच्या सीटवर बस. घाई करू नकोस, त्यांना बेलपाड्याला परतायचं म्हणू नकोस. मी आत आहे तोवर तिघं तिथेच थांबा.

सिस्टरने तुझ्या खांद्याला हात लावलाय. तू वळतेयस. हे पत्र मी तुझ्या हातात देईन, पण आत्ता वाचू नकोस. आधी तिला माझ्याकडे दे आणि मान कशी धरायची ते दाखव.

अंकिता